सोरायसिस आणि आपले ताट

वस्तीत कुणाच्या अंगावर चट्टा उठला की दवाखाना नंतर आठवतो, पथ्य आधी सुरू होते. वांगे बंद, अंडी बंद, मासळी बंद, आंबट बंद. शेजारची मावशी एक सांगते, गावाकडून आलेला मामा दुसरे सांगतो, आणि महिनाभरात त्या माणसाच्या ताटात डाळभात आणि लिंबाशिवायची काकडी एवढेच उरते. मात्र दिवसाला पाच कप गोड चहा, त्याबरोबर खारी किंवा टोस्ट, संध्याकाळी नाक्यावरचा वडापाव आणि शनिवारी रात्रीची बाटली यांना कुणीच हात लावत नाही. बुद्धविहारांतील आरोग्य शिबिरांत नावे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे असते. त्या निमित्ताने सोरायसिसचे जे रुग्ण आम्हाला भेटले, त्यांपैकी बहुतेकांची हीच कथा होती. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब पानावर आम्ही हा विषय घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही. पण त्वचारोग तज्ज्ञांकडून समजून घेतलेले आणि वाचून पडताळलेले आपल्या लोकांना सोप्या भाषेत सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, असे आम्ही मानतो.

आधी हा रोग काय आहे ते पाहू. आपल्या कातडीच्या पेशी खालच्या थरात जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि झडून जातात. निरोगी माणसात या प्रवासाला सुमारे एक महिना लागतो. सोरायसिस झालेल्या जागी तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. जुनी पेशी झडण्याआधीच नवी येऊन थडकते, थरावर थर साचतो आणि लाल चट्ट्यावर चंदेरी खपल्या धरतात. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी आणि कंबर या त्याच्या नेहमीच्या जागा. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. दहापैकी दोघातिघांचे सांधेही धरतात, आणि ते वेळेवर ओळखले नाही तर बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

पेशींना ही घाई का होते? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी संरक्षण यंत्रणा असते. तिचे सैनिक शत्रू नसताना कातडीत येऊन लढाई सुरू करतात. त्यातून जो दाह पेटतो, त्यामुळे पेशी घाईने वाढू लागतात. याची प्रवृत्ती काही घराण्यांत असते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर साधारण दहातल्या एका मुलाला होण्याची शक्यता धरतात. बाकीच्यांना होत नाही, हेही लक्षात ठेवावे. प्रवृत्ती असलेल्या माणसात घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, कातडीला झालेली इजा, काही औषधे, विडी-सिगारेट आणि दारू यांपैकी कशानेही ठिणगी पडते. थंडीत त्रास वाढतो. भारतात शंभरातल्या अर्ध्या ते जवळपास तीन जणांना हा रोग असतो, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसले आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत कुणीतरी आहे.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका चादरीवर झोपल्याने, मूल कडेवर घेतल्याने, पतिपत्नीच्या संबंधाने, कशानेही पसरत नाही. हा कुष्ठरोगही नव्हे. शेकडो वर्षे जगभर या दोन्हींची गल्लत झाली आणि सोरायसिसच्या रुग्णांनाही वाळीत टाकले गेले. १८४१ साली व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन रोग वेगळे असल्याचे स्पष्टपणे मांडले. (कुष्ठरोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो, आणि त्याच्या रुग्णाला दूर ठेवण्याचेही कारण नाही.) २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव करून तो गंभीर, दीर्घकाळचा आणि असंसर्गजन्य आजार असल्याचे नोंदवले.

ठराव झाला, पण आमच्या परिचयातील एका ताईंच्या हातची खीर पौर्णिमेला विहारातल्याच बायका घेईनात. ताई सफाई कामगार आहेत. कोपरांवर आणि केसांच्या कडेला चट्टे. कुणी तोंडावर बोलले नाही. फक्त वाटी पुढे केली की "आमचे झाले" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. ज्या समाजाने पाण्याच्या एका ओंजळीसाठी महाडला मार खाल्ला, त्या समाजाच्या विहारात हे घडावे याचा आम्हाला संताप आला, आणि तो येथे लिहून ठेवतो. अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याचे अंग फोडांनी भरले, चीवर रक्तापुवाने चिकटू लागले, तेव्हा सोबतच्या भिक्खूंनी त्याला सोडून दिले. तथागतांनी स्वतः पाणी तापवले, त्याला न्हाऊ घातले आणि त्याची वस्त्रे धुववून वाळवली. ही कथा आपण वर्षावासात ऐकतो, माना डोलावतो आणि मग ताईंची वाटी टाळतो.

या ताईंनी सव्वा वर्ष पथ्य पाळले होते. अंडी नाहीत, सुकट नाही, बोंबील नाही, वांगे नाही. पोट भरायला चहा, टोस्ट आणि साबुदाणा. चट्टे तसेच राहिले. वजन वाढले, अंगातले रक्त कमी झाले, आणि शिबिरात तपासणी केली तेव्हा साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी त्यांना सांगितले की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. त्या ऐकत राहिल्या. कातडीचा साखरेशी काय संबंध, हा त्यांना पडलेला प्रश्न आम्हालाही पडला होता.

चरबी नुसती साठत नाही

पोटावरची चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य, गरज लागेल तेव्हा काढायचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती कणगी स्वस्थ बसत नाही. विशेषतः पोटाच्या आत, आतड्यांभोवती जमणारी चरबी रक्तात अशी रसायने सोडत राहते की ज्यांनी सबंध शरीरात मंद दाह धुमसत राहतो. यातली काही रसायने सोरायसिसच्या चट्ट्यात सापडणारी तीच आहेत. टीएनएफ नावाचे एक तर दोन्हीकडे आहे, आणि त्याला अडवणारी महागडी इंजेक्शने सोरायसिसवर दिली जातात. याच दाहामुळे इन्सुलिनचे काम बिघडते, साखर वाढते, रक्तातील चरबी वाढते आणि यकृतावर चरबी चढते. उलट बाजूने, अंगभर पसरलेल्या सोरायसिसचा दाह रक्तवाहिन्यांनाही बाधतो. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीव्र सोरायसिस असलेल्यांना, त्यातही तरुणांना, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जास्त असल्याचे दिसले.

आधी वजन वाढते की आधी चट्टे येतात, हा वाद बरीच वर्षे चालला. चट्टे आले की माणूस लाजून घरात बसतो, हिंडणे-फिरणे थांबते, म्हणून वजन वाढते, असेही म्हणता येते. २०१९ साली ब्रिटन आणि नॉर्वेतील हजारो लोकांच्या अनुवांशिक माहितीवरून जो अभ्यास झाला, त्यात जास्त वजन हे सोरायसिसच्या कारणांपैकी एक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला.

मग वजन उतरवल्याने चट्टे उतरतात का? इटलीत ३०३ जास्त वजनाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. हे सर्व जण औषध घेत होते, तरी चट्टे पुरते गेले नव्हते. निम्म्यांना वीस आठवडे मोजका आहार आणि व्यायाम दिला, निम्म्यांना नुसती माहिती दिली. पहिल्या गटात रोगाची तीव्रता सरासरी ४८ टक्क्यांनी उतरली, दुसऱ्यात साडेपंचवीस टक्क्यांनी. औषध दोघांनाही चालूच होते. फरक पडला तो ताटाने आणि पायांनी. मात्र डेन्मार्कमधल्या साठ रुग्णांच्या तशाच प्रयोगात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, वजन पंधरा किलोच्या आसपास उतरूनही चट्ट्यांतला फरक तितका ठळक नव्हता. रुग्णांचे रोजचे जगणे मात्र सुसह्य झाले. म्हणजे आहार हे जादूचे औषध नव्हे. औषधाला बळ देणारी ती दुसरी बाजू आहे. जो कुणी नुसत्या पथ्याने सोरायसिस मुळापासून घालवून देतो म्हणतो, तो खोटे बोलतो.

आता कुणी म्हणेल, आमची माणसे कष्टकरी, अंगाने किरकोळ, त्यांना कसली आली चरबी! येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम उपयोगी पडते. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण हिंदी माणसे हातापायांनी बारीक दिसतो आणि पोटात चरबी बाळगतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषाचे ९० सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. त्यावर गेले की साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी. सोरायसिस असेल तर टेप दाखवेल ते दाखवो, तपासणी करावीच.

दोष कुणाच्या माथी?

या आजाराच्या नावाखाली आपल्या लोकांना जे ऐकवले जाते, त्याबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. "तुम्ही लोक काय काय खाता, म्हणून अंगावर असे उठते," हे वाक्य आमच्या ओळखीच्या एका तरुणाला कामाच्या ठिकाणी ऐकावे लागले. रोग बहाणा, जात निशाणा! वस्तुस्थिती अशी की सोरायसिस पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतही होतो. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने, अंडी किंवा वांगे खाल्ल्याने हा रोग होतो, याला कोणताही आधार नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास वाढल्याचे जाणवले तर त्याने तो टाळावा, हे वेगळे. २०१८ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी तोवरचे सारे अभ्यास तपासून सल्ला दिला. त्यात जास्त वजन असलेल्यांनी वजन उतरवावे, यावर सर्वांत जास्त भर होता. गव्हातील ग्लुटेन टाळायला त्यांनी फक्त अशांनाच सांगितले, ज्यांची त्यासंबंधीची रक्ततपासणी दोष दाखवते. बाकीच्यांनी चपाती सोडायचे कारण नाही. माशाच्या तेलाच्या महाग गोळ्यांचीही त्यांनी शिफारस केली नाही. ताजी तारली-बांगडा परवडत असेल तर कालवणात खावा, तो गोळीपेक्षा चवीलाही बरा.

मांसाबद्दल एवढेच म्हणता येईल की रोज तेलात तळलेले, चरबीचे मांस कुणालाच चांगले नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो. पण आठवड्यातून एकदोनदा घरचे कालवण हे गरिबाचे प्रथिन आहे. २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैलाचेही मांस बंद झाल्यावर आपल्या अनेक घरांतले स्वस्त प्रथिन गेले, त्याची भरपाई कुणी केली? २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत जो शिधा वाटला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चार वस्तूंत कामाची एकच, डाळ.

आपल्या आज्या हुलग्याचे माडगे, मठाची उसळ, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी खात. ते दारिद्र्याचे अन्न म्हणून आपण लाजून टाकून दिले, आणि मैदा, साखर व तळण प्रतिष्ठेचे म्हणून घरात आणले. आम्ही दारिद्र्याचे गोडवे गात नाही. आजीला ते पोटभर मिळतही नव्हते. पण ताटापुरते बोलायचे तर तिचे वाण चांगले होते. फ्रान्समध्ये हजारो सोरायसिस रुग्णांच्या खाण्याची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. भाज्या, कडधान्ये, फळे, मासे आणि पूर्ण धान्य जास्त खाणाऱ्यांत तीव्र रोग कमी आढळला. हुलगा-भाकरीची जातकुळी तीच आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडेमोडीची खोड जात नाही. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला साधारण पाच ग्रॅम. रोजचे पन्नास ग्रॅम, महिन्याचे दीड किलो, एका माणसाचे! जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. केवळ चहाचे कप निम्मे करून आणि चमचा एकवर आणून दीड किलोचे पावणेचारशे ग्रॅम होतात. यात एक पैसा खर्च नाही, उलट बचत आहे. तेलाचेही तसेच. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या वर डबा संपत असेल तर भजी-पुऱ्यांचा हिशेब गृहिणीने नव्हे, सगळ्या घराने बसून करावा. रुग्णासाठी वेगळे शिजवायचे आणि बाकीच्यांनी पापड तळायचे, हे चालत नाही. पथ्याचे ओझे एकट्या बाईवर टाकले की ते पंधरा दिवसांत मोडते.

मंडळांनाही एक विनंती. चौदा एप्रिलला आपण सरबत आणि बुंदी वाटतो, विहारात शिरा आणि गोड चहा देतो. मोडाची मटकी, उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे आणि ताक दिले तर जयंती काही फिकी पडणार नाही. बाबासाहेबांना स्वतःला अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण सर्व जण जाणतो.

दारूबद्दल पंचशीलातील पाचवे शील पुरेसे बोलते. पण ज्यांच्या घरी शील भिंतीवर आणि बाटली कपाटात आहे त्यांच्यासाठी सांगतो, दारूने सोरायसिस भडकतो, यकृत खराब होते, आणि या रोगावरच्या सर्वांत स्वस्त, सर्वत्र मिळणाऱ्या गोळीचा धोकाही वाढतो. म्हणजे पिणारा माणूस रोग वाढवतो आणि औषधाची वाटही बंद करतो.

वजन उतरवायचे ते सावकाश. संयुत्त निकायातल्या कोसल संयुत्तात पसेनदी राजाची गोष्ट येते. राजा एका वेळी द्रोणभर भात जेवून धापा टाकत तथागतांपुढे आला. मोजून, भान ठेवून जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची गाथा तथागतांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला बसवले. राजा एका दिवसात सुधारला नाही. हळूहळू द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. आजचे आहारतज्ज्ञ हेच सांगतात: महिन्याला दोन किलो पुरे, रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणे पुरे. उपाशी राहून किंवा नुसत्या काढ्यावर राहून उतरवलेले वजन परत चढते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या उपासक-उपासिकांनी पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते.

औषधांकडे वळू. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, मलमे आणि गोळ्या मिळतात, अनेक ठिकाणी प्रकाशकिरणांचे उपचारही होतात. कातडी कोरडी पडू न देणे हा उपचाराचा भाग आहे. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. जाहिरात वाचून टपालाने मागवलेल्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा काही पुड्यांत छुपे स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चट्टे नाहीसे होतात, घरात आनंदीआनंद होतो, आणि पुडी संपली की रोग दुप्पट जोराने उसळतो. कधी अंगभर पू भरलेले बारीक फोड येतात आणि रुग्णालयात भरती व्हावे लागते. शिवाय त्या स्टेरॉइडने साखर आणि वजन वाढते ते वेगळेच.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बऱ्याच रुग्णांना देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. आपल्याकडे चिठ्ठी इंग्रजीत, रुग्ण कमी शिकलेला आणि औषध दुकानदार घाईत, म्हणून हा धोका मोठा आहे. गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या जोडप्याने ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. गोळी चालू असताना ठरलेल्या मुदतीत रक्ताची आणि यकृताची तपासणी चुकवू नये. गोळीचा वार डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावा, तो घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला लावावा, आणि कॅलेंडरवर त्याच वाराभोवती लाल शाईने गोल करून ठेवावा.